खेप

या वेळची दवाखान्याची खेप माझी.
पाच जणांच्या वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून
पोटाशी बांधल्यात, घोंगडीच्या आत,
कारण ओढ्याला गुडघाभर पाणी आहे
आणि मागं एकदा मोलिएहीच्या वहीतली शाई
वाहून गेली, नर्सनं तिचं वजन अंदाजानं लिहिलं.
मोलिएही अजून सांगते लोकांना:
हिनं मला एका ओढ्यात नऊ किलो घटवलं.

निघण्याआधी आंबील प्यायले, दोन वाडगे.
पूर्वी नाही प्यायचे.
पूर्वी याची चूल, त्याची खोकल्याची रात्र, तिचं बाळ,
आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवायचं
की माझी गोळी एप्रनच्या खिशातच आहे.
म्हाताऱ्या सेख्लाबाकानं एकदा भर बैठकीत विचारलं,
"तू मेल्यावर आमच्या खेपा कोण करणार?"
लागलं मला ते.
तेव्हापासून आधी माझा वाडगा,
मग जगाचा.

काल संध्याकाळी अंगणात जमलो सगळे.
उरलेल्या गोळ्या सुपात ओतायच्या,
घेवडा निवडतो तशा बोटानं सारत मोजायच्या.
माझ्या तीन. मोलिएहीच्या तीन.
सेख्लाबाकाच्या तीन, आणि एक बटण.
जुळ्यांच्या आईच्या तीन.
लेबुआच्या एकेचाळीस.

कोणी काही बोललं नाही.
कोंबडी सुपाजवळ आली, तिला हाकललं.
लेबुआ खाणीतून परत आलाय दोन हिवाळ्यांपूर्वी,
जमिनीच्या पोटात इतकी वर्षं काढलेला माणूस
उजेडात बसला की डोळे बारीक करतो.
"विसरलो," म्हणाला.
मी वहीत एकेचाळीस लिहिलं. एवढंच.

रागावणं मला येतं.
माझ्या बहिणीला आम्ही सगळ्यांनी मिळून रागावलो होतो.
न्थोफेला तिचं नाव. न्थोफेला म्हणजे 'नुसती वस्तू',
तिच्या आधीची दोन गेली, म्हणून
मरणानं हिच्याकडे ढुंकूनही बघू नये यासाठी ठेवलेलं.
आम्ही रागावलो, आणि पुढच्या वेळेपासून
तिचा हिशेब बरोबर येऊ लागला.
डबी रिकामी, वही सुंदर.
नंतर, घर झाडताना,
राखेच्या ढिगात सापडल्या सगळ्या,
पावसानं फुगलेल्या, पांढऱ्या.

म्हणून एकेचाळीस हा आकडा मला आवडला.
त्यानं तो आणला. आमच्यासमोर ओतला.

अंधार पडताना सेख्लाबाका उठला,
सात-आठ खडे उचलून खिशात टाकले,
आणि लेबुआच्या झोपडीकडे चालायला लागला, न विचारता.
मातीवर मोराबाराबाचा पट आखतील दोघं,
खड्यांना गाई म्हणतील, एकमेकांच्या गाई पळवतील.
रेडिओवर बातम्या लागल्या की म्हातारा आपली गोळी काढणार
आणि समोरच्यानं काढेपर्यंत
हातातला खडा खाली ठेवणार नाही.
त्याला घाई नसते. दातही नाहीत, घाईही नाही.

चढण संपली तेव्हा धुकं होतं अजून.
माझं रक्त मागच्या वर्षी तपासलं, विषाणू सापडला नाही.
"मग गेला कुठे?" मी विचारलं.
"गेला नाही," नर्स म्हणाली, "इतका थोडा उरलाय
की यंत्राला दिसत नाही, तुझ्या नवऱ्यालाही लागणार नाही.
गोळ्या सोड, की येईल कोपऱ्यातून."
घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.
तो भांडी घासत होता. घासतच राहिला,
एकच पातेलं, कितीतरी वेळ.

ओढ्याशी पोचले तर पलीकडे कोणीतरी घोडा धरून उभा.
डोळे बारीक केलेले.
"नर्सला माझं तोंड बघायचं असेल," लेबुआ म्हणाला,
"एकेचाळीस वाचून."
घोडा पाण्यात घातला, अलीकडे आणला.
मी वह्या पोटाशीच ठेवून वर चढले.
काल रात्रीचं मी काही विचारलं नाही.

मधोमध, पाणी घोड्याच्या पोटाला लागत असताना,
लगाम ओढत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
"म्हातारा लबाड आहे.
सात गाई नेल्या माझ्या."